अकरा सेकंद

विल्फ्रेड गार्साइडने टेपवर पांढऱ्या पेन्सिलीने दोन खुणा केल्या. "एवढं काढून टाक."

संकलन करणाऱ्या ईनिडने ब्लेड उचललं, पण चालवलं नाही. "साहेब, लोक इथेच सगळ्यात जास्त हसलेत."

"नंतर हसलेत. त्याआधी अकरा सेकंद म्हातारा नुसता गप्प बसलाय. दहा-बारा सेकंद कमी करायचेत ना आपल्याला?"

पट्टी कापली गेली.

लंडनच्या त्या वाहिनीसाठी गार्साइड वीस वर्षं विनोदी मालिका करत होता. केन टोली त्याच्याच हाताखाली शिकलेला. आता टोलीची स्वतःची मालिका येणार होती : धुलाईच्या दुकानात भेटणारे दोन विधुर भाऊ. पहिला भाग चित्रित झाला आणि दुसऱ्याच दिवशी टोली अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात गेला. उरलेलं काम गार्साइडकडे आलं.

त्याने तो भाग तीनदा पाहिला होता. थोरला विचारतो, "कपडे कुणाचे रे?" धाकटा फिरणाऱ्या मशीनकडे बघत राहतो. स्टुडिओतले प्रेक्षकही गप्प. मग तो म्हणतो, "मार्जरीचे. जाऊन दोन वर्षं झाली तिला. मळले असतील ना?" आणि सगळं सभागृह हशाने दणाणतं. हसताहसता कुणीतरी नाक ओढल्याचंही टेपवर ऐकू येत होतं. गार्साइडने उभ्या जन्मात कुठल्या नटाला तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू दिलं नव्हतं. चौथ्या सेकंदाला तो स्वतःच पुढचं वाक्य ओरडायचा.

फोन वाजला. इस्पितळातून टोली बोलत होता. आवाज खोल गेलेला.

"साहेब, काही कापायचं असलं तर ती शांतता कापा. मला इथे पडल्यापडल्या तिचीच धास्ती वाटतेय. जमलीय का हो ती?"

गार्साइडने जमिनीवर पडलेल्या पट्टीकडे पाहिलं. ह्याला काय साधलंय, हे ह्याला कळलेलंसुद्धा नाही! त्याची कानशिलं तापली.

"साहेब? आहात ना?"

"टाके सांभाळ तू," म्हणून त्याने फोन आपटला. ईनिडकडे न बघता तो म्हणाला, "पट्टी परत लाव. सुरुवातीचा कुत्र्याचा विनोद काढ."

"तो तर तुम्हाला आवडला होता."

"म्हणूनच काढ."

भाग प्रसारित झाल्यावर आठवडाभर सगळीकडे त्या शांततेचीच चर्चा होती. टोली कामावर परतला त्या दुपारी कॅन्टीनमध्ये त्याच्याभोवती गर्दी झाली. खांदा थोपटणाऱ्यांना बाजूला सारून तो चहाचा कप घेऊन खुर्चीवर चढला.

"माझं कौतुक पुरे! मी तर घाबरून ती कापायला सांगत होतो. गार्साइडसाहेबांनी ठेवली. सगळं श्रेय त्यांचं!"

टाळ्या पडल्या. माना वळल्या. कोपऱ्यातल्या टेबलाशी गार्साइड पाव अर्धवट चावून बसला होता. असल्या टाळ्यांची त्याने वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. आज त्या टोलीने त्याला उचलून दिल्या होत्या.

तो उठला. "मी कापली होती ती," तो म्हणाला. "त्याचा फोन यायच्या आधीच. ती जमलीय हे मला कळलं होतं, म्हणूनच कापली."

चहाचे कप ओठांपाशीच थांबले. मग ती थट्टाच समजून हशा उसळला. कुणी टेबल बडवलं, कुणी "वा, विल्फ!" म्हणून ओरडलं.

खुर्चीवर उभा असलेला टोली मात्र हसत नव्हता. तो सावकाश खाली उतरला, गार्साइडच्या टेबलाशी आला आणि समोरची खुर्ची ओढून बसला.