टिटवीचा मोडका पंख

“उडाली! पंख सांधला!” माळावर जमलेलं अख्खं गाव ओरडलं.

मोडलेली हाडं मंत्रानं सांधणारे पंखबाबा दगडांच्या ढिगापाशी गेले, तशी एक टिटवी पुढ्यात येऊन पडली होती. पंख लोंबतोय, पाय खुरडतोय. बाबा मोरपीस फिरवत तिच्यामागे निघाले, “ओम् टिट् टिट् फट्, हाडाला हाड घट्ट!” थोडं पुढं गेल्यावर ती भुर्रकन उडाली. आता पुढचा नंबर माझा होता.

कांद्याच्या टेम्पोवरून पडून माझा पाय मोडलेला. शेवगावच्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं, पण माझ्या बायकोला, गोजरला, धीर कुठला! तिनं मला बाजेवर घालून माळावर आणलं. मेहुणा काकासाहेब हातोडी घेऊन तयार.

“फोड प्लॅस्टर!” बाबा गरजले. “उद्या हा नांगर धरील!”

बाज जमिनीवर टेकली आणि मला समोरच्या ढिगाशी दगडांत दगडांसारखीच चार अंडी दिसली. मला हसूच फुटलं.

“काकासाहेब, थांब. बाबा, गाव सांगतंय, ही टिटवी कालही तुम्हीच बरी केली. मग आज परत कशी मोडली?”

“ती दुसरी होती, बच्चा!”

“बरं. गोजर, तू जा त्या दगडांकडं. मंत्र म्हण.”

“मला कुठं मंतर येतोय?”

“मग मला रोज घालतीस त्या शिव्या घाल.”

ही संधी ती सोडते होय! “मुडदा बशिवला त्या टेम्पोचा! चढायला कुनी सांगितलं हुतं तुमाला?” करत ती निघाली. टिटवी आली, पडली, लंगडत तिला लांब घेऊन गेली आणि मजेत उडाली. लोक पोट धरून हसले.

म्हातारे पुंजारामबुवा कपाळावर हात मारून म्हणाले, “आरं, वखर हाकताना न्हाई का ही अशीच लंगडत? अंडी वाचवायचं सोंग हाय ते! आपुनच तेवढा तुकडा सोडून बैलं वळवतो.”

“व्हय की. पन तवा म्होरं बाबा नसतो,” काकासाहेब ओशाळून म्हणाला.

बाबा तोवर सडकेला लागले होते. गोजर माझ्या बाजेशी बसली, हातोडीकडं बघून रडायलाच लागली. “पाय घालवला असता म्या तुमचा.”

टिटवी पिल्लांसाठी फसवते, तिला माफ आहे. हाड मात्र डॉक्टर बसवतो आणि ते सावकाश जुळतं, मंत्रानं नाही. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो स्वतः करून बघा. आमच्या गोजरला तर शिव्यांनीही जमला.