एफच्या जागेवरचा रुमाल

मित्रांनो, मी एक जुना पेन ड्राइव्ह आहे. अंगठ्याएवढा, काळा, टोपण हरवलेला. माझ्या कडीत लाल लोकरीचा गोंडा आहे, तो धम्मशीलाबाईंच्या हातचा. सध्या माझा मुक्काम बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतो. शेजारी सुयांची पुडी, हुकांची पुडी आणि एक बंद पडलेलं घड्याळ. झाकण लागलं की अंधार. पण डब्यातल्या अंधाराचं मला काही वाटत नाही. आत असून कुणालाच न दिसणं, ही खरी कोंडी. ती मी एका दुपारी सोसली आहे.

माझा जन्म लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. पोटातच काही नव्हतं तर आठवणार काय! परभणीच्या एका दुकानात काचेआड लोंबकळत होतो, तिथून मनिषाने मला घेतलं. मनिषा ही धम्मशीलाबाईंची लेक. ती तेव्हा कॉलेजात होती. तिने मला ठिकठिकाणच्या संगणकांत खुपसलं आणि मला जगाची रीत कळली.

रीत अशी, की संगणक पाहुण्याला नाव विचारत बसत नाही. तो एक जागा देतो आणि त्या जागेच्या अक्षरानेच हाक मारतो. ए आणि बी या पहिल्या जागा फ्लॉपी नावाच्या म्हाताऱ्यांच्या. ती मंडळी केव्हाच गेली, पण त्यांचे पाट अजून कुणी उचलत नाही. सी म्हणजे घरधनी, संगणकाची स्वतःची डिस्क. डीवर बहुधा घरातलंच कुणीतरी. त्यानंतर आम्ही आगंतुक, मोकळी सापडेल त्या जागेवर. कॉलेजात मी ई होतो. देवगाव फाट्यावरच्या दुकानात एकदम आय झालो, कारण तिथे कार्ड घालायच्या रिकाम्या खाचांनीच पुढच्या सगळ्या जागा अडवल्या होत्या. शाळेतल्या संगणकाची तऱ्हा आणखी निराळी. त्याची स्वतःची डिस्क एसडीए, मग जो आधी शिरेल तो एसडीबी, त्याच्यामागचा एसडीसी. माझ्याआधी दुसरा कुणी शिरला की मी बीचा सी व्हायचो. पोटात तेच, अंगावर तोच गोंडा, हाक मात्र भलतीच.

सोनपेठला आदिनाथच्या दुकानात मात्र मला घरच्यासारखं वाटायचं. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा एफ मिळालं, आणि त्या संगणकाने ते ध्यानात ठेवलं. पुन्हा केव्हाही जा, एफ माझंच.

आता माझ्या पोटातल्या ठेव्याचं सांगतो. धम्मशीलाबाई अंगणवाडीच्या बाई. त्यांचा आवाज असा, की रडणारं पोर हुंदका अर्धा ठेवून ऐकत बसायचं. विहारात कुणाचं नामकरण असलं की पाळणा त्यांनीच म्हणायचा, हे ठरलेलं. मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनला नांदेडला जायच्या आदल्या दिवशी मनिषाने त्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि मोबाइलवर पाळणा म्हणवून घेतला. मागे कुकरची शिट्टीही आली आहे. तो पाळणा तिने माझ्या पोटात ठेवला. ऑपरेशन नीट झालं, बाई वाचल्या. आवाज तेवढा गेला, नुसती कुजबुज उरली. पुढे तो मोबाइल हौदात पडला. म्हणजे बाईंचा आवाज या जगात एकाच ठिकाणी उरला, माझ्या पोटात. आणि मी सुयांच्या डब्यात.

मग मनिषाला मुलगी झाली. नामकरण संध्याकाळी, आणि आजीचा पाळणा आजीच्याच आवाजात लावायचा, हा मनिषाचा हट्ट. पण मंडपवाल्याच्या स्पीकरला ती फाइल वाजवता येईना. म्हणून भर दुपारी मायलेकी मला घेऊन आदिनाथकडे आल्या.

"या बाई, बसा," आदिनाथने स्टूल पुढे केलं. तो बाईंच्याच अंगणवाडीतला. "नातीचं नाव काय ठेवायलात?"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"तिला सांगायच्या आधी तुमाला कसं सांगतील?" मनिषा म्हणाली. "दादा, ही फाइल स्पीकरवर वाजंल अशी करून द्या. लाइट जायच्या आत."

त्याने मला खाचेत सारलं. माझा निळा दिवा लागला. संगणकाने ओळखीने सांगितलं, जा, तुझं एफ. मी गेलो, आणि पाहतो तर माझ्या जागेवर रुमाल!

मित्रांनो, एसटी फलाटाला लागते न लागते तोच लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, तो तुम्ही पाहिला असेल. तसंच झालं होतं. आदिनाथची बायको राजेश्री आतल्या खोलीतल्या संगणकावर टायपिंग करते. तिथल्या फायली बाहेर दिसाव्यात म्हणून तिने सकाळी तारेवरून तिचा फोल्डर इकडे जोडला होता आणि त्याला अक्षर दिलं होतं एफ. आत बसलेल्या मला एफ मिळालं होतं, पण वरून दिसत होता तो रुमालच. कुणी एफ म्हटलं की ओ द्यायचा तिचा फोल्डर. मी खाली दबून गुपचूप.

आदिनाथने एफ उघडलं. "बाई, यात गाणं न्हाई. नुसते अर्ज अन् फोटो हायत."

"असं कसं?" मनिषाचा आवाज चिरकला. "मी सोता टाकलंय त्यात."

"कुणीतरी पुसून दुसरं भरलंय बघा. तुमच्या घरी कुणी नेला व्हता का?"

"डब्यात व्हता, दादा. त्याला कोण नेतंय?"

मी ओरडत होतो, पण आम्हा पेन ड्राइव्हांना तोंड कुठलं? बाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांनाही ओरडता येत नव्हतं. त्यांचा आवाज त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता आणि मला तो पोचवता येत नव्हता.

"बिघडलाय हा," आदिनाथ हळहळत म्हणाला. "फॉर्मॅट मारून देतो. गाणं गेलं ते गेलं, पेन ड्राइव्ह तरी कामाला यील."

त्याने डिस्कांची खिडकी उघडली. तिथे मी दिसत होतो, नुसती एक निळी पट्टी. बाण माझ्यावर आला. फॉर्मॅट म्हणजे सगळं पुसणं. पाळणा, कुकरची शिट्टी, पहिल्या ओळीआधीचा बाईंचा लाजलेला खोकला, सगळंच.

बाईंनी उठून त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने माझ्या दिव्याकडे बोट दाखवलं. "दिवा लागलाय," त्या कुजबुजल्या. "हाय ते आत."

"बाई, दिवा करंट आल्यावर लागतोच..."

बाईंनी मनगट सोडलं नाही. लहानपणी त्याच हाताने पाटीवर गिरवायला शिकवलेलं. आदिनाथला ते झटकवेना.

एवढ्यात आतून राजेश्री चहा घेऊन आली. तिने पडद्याकडे पाहिलं. "अहो, माझे अर्ज कशाला उघडलेत?"

"तुझे? हे तर बाईंच्या पेन ड्राइव्हमधले."

"काय बोलायलात! ते आतल्या मशीनवरचे. सकाळीच मी जोडून एफ दिलंय. दर बारीला आत-बाहेर पळून पाय गेले माझे."

आदिनाथने पडद्यावरचं एफ पुन्हा पाहिलं. मग कपाळाला हात. "रुमाल टाकलास व्हय एफवर!"

"मला काय ठाऊक तिथं कोण बसतंय? जागा मोकळी दिसली, टाकला."

"अन् मी मारायलो व्हतो की गं फॉर्मॅट," तो पुटपुटला. चहा तसाच राहिला. त्याने मला दुसरं अक्षर दिलं, एम. दार उघडावं तशी माझी खिडकी उघडली. आत एकच फाइल. त्याने ती लावली. आधी खोकला, मग कुकर, मग बाईंचा पाळणा, दुकानभर.

मनिषा स्टुलावर बसून पदरात तोंड खुपसून रडली. बाई टेबलावर बोटांनी ठेका धरून ऐकत होत्या, दुसऱ्याच कुणाचं गाणं ऐकावं तशा. आदिनाथ म्हणाला, "अंगणवाडीत आमी झोपायचं सोंग घ्यायचो, बाई. पाळणा संपू नये म्हणून."

मग त्याने ती फाइल स्पीकरवर वाजेल अशी करून माझ्या पोटात ठेवली, पाळण्याची एक प्रत स्वतःच्या संगणकात आणि एक मनिषाच्या नव्या मोबाइलवर. माझ्या उरावरचं ओझं उतरलं. राजेश्रीने विचारलं, "बाई, याला नाव देऊ का? अक्षर बदलतं, नाव सोबत ऱ्हातं."

बाई तिच्या कानाशी वाकल्या. राजेश्रीने इंग्रजी अक्षरांत टाइप केलं: पाळणा.

संध्याकाळी विहारात स्पीकरवर बाई गात होत्या आणि पाळण्याशी बसलेल्या बाई दोरी ओढत होत्या. शेवटी नातीच्या कानात नाव सांगायची वेळ आली. त्याला मोठा आवाज लागतच नाही, कुजबुजच लागते. बाईंनी ते सांगितलं. मी स्पीकरला खोचलेला असल्याने मला ऐकू आलं नाही, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तर मित्रांनो, माझ्यासारख्यांना घरी आणलंत की आम्हाला एक नाव द्या. पोटातल्या गोष्टीची दुसरी प्रत दुसरीकडे ठेवा. एकट्याच्या जिवावर सगळं टाकू नका. आणि कधी आम्ही दिसलो नाही, तर पुसायची घाई करू नका. आधी आमच्या जागेवर कुणाचा रुमाल आहे ते बघा. दिवा लागलेला असेल, तर आत कुणीतरी आहे.