तार तुटली

भांडण झालं ते पळीवरून.

"अगं, ढवळतेस काय अशी? भिंतीला गिलावा करायचाय का त्याचा?" मी म्हटलं.

"मग काय नुसती बघत बसू, काकू? खाली लागेल की पाक!"

"तुझ्या सासूबाई कधी ढवळायच्या नाहीत. मी डोळ्यांनी बघितलंय."

"तुम्ही बघितलंय, केलंय कधी? तुमचा आपला सुई-दोरा बरा."

आता हे मला कुणी सुनावावं? जिचं दूध रोज सकाळी न चुकता उतू जातं, तिनं! माझी जीभ वळवळली होती, पण तेवढ्यात कढईतला पाक पांढरट झाला, दाटला, आणि आम्ही दोघी बघतोय तोवर त्याची कोरडी वाळू झाली. एक किलो साखर अर्धा तास चुलीवर तापवून आम्ही परत साखरच केली होती. मी हसले. ती आधी रडकुंडीला आली, मग तीही हसायला लागली. हसता हसता दोघींनीही पदर तोंडात कोंबला, कारण आतल्या खोलीत तिची सासू होती.

ही सूनबाई म्हणजे आमच्या गावच्या वायरमनची बायको, माझी शेजारीण. कामाला वाघीण. सकाळी रानात खुरपायला जाते ती दुपारी गवताचा भारा घेऊनच परत येते. पण स्वयंपाकघरात शिरली की तिचे हात कुणीतरी काढून ठेवल्यासारखे होतात. आणि आत खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेली तिची सासू, ती गोळीआई. नाव काय असेल ते असो, सगळं गाव तिला गोळीआईच म्हणतं, मी तेवढी मावशी म्हणते. तीस वर्षं तिनं याच चुलीवर साखरेच्या गोळ्या केल्या. पाक कडक करायचा, फरशीवर ओतायचा, जरा निवला की हातानं ओढून ओढून पांढरा करायचा आणि कात्रीनं तुकडे पाडायचे. कुणी तापातून उठलं, दे गोळी. पोराचा दात पडला, दे गोळी. नवरा-बायको भांडले, दोघांनाही एकेक मोठी गोळी, म्हणजे तोंडं चिकटून बसतील. आमच्या घरात तर हा उपाय आठवड्यातून दोनदा लागायचा.

चार महिन्यांपूर्वी तिला झटका आला आणि उजवा हात गेला. हात गेला आणि त्याच्यामागून बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, "जीभ शाबूत आहे. त्यांना बोलायचं नाही, एवढंच." खाणंही तसंच. मऊ भाताचे दोन घास, की तोंड फिरवलं. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी वायरमनला बाहेर अंगणात नेऊन सांगितलं, की आजी अशाच राहिल्या तर पुढची पेरणी बघायच्या नाहीत. तो बिचारा त्या दिवशी खांबावर चढला आणि वरच बसून राहिला. लोकांना वाटलं, मोठं काम निघालंय.

म्हणून सूनबाईनं हे खूळ काढलं होतं. दुकानातली गोळी दिली तर म्हातारीनं ती थुंकून टाकली. "काकू, आपणच करू. घरची गोळी असली तर तोंड उघडतील." मी म्हटलं, करू. मला कुठं माहीत होतं की पाक म्हणजे सापाच्या शेपटीवर पाय!

त्यात वारा. तीन दिवस असा सुटला होता की रानातली सगळी तांबडी माती उठून गावात राहायला आली होती. पाण्यात माती, पिठात माती, दातांत माती. दोन वेळा विजेची तार तुटून पडली. एकदा तर बैलापासून चार हातांवर पडली. तेव्हापासून वायरमननं गावाला बजावून ठेवलं होतं, "तार तुटली अशी हाळी ऐकली की जिथं असाल तिथं थांबा. पायाखाली कोरडं लाकूड घ्या. हिंडू नका, मी बघतो." आता तो आमच्या घरांसमोरच शिडी लावून खांबावर चढला होता.

आम्ही दुसरा पाक टाकला. या वेळी पळी मी माझ्या पाठीमागं लपवली. साखर विरघळली, बुडबुडे आले, आधी मोठे, मग बारीक. आता तार बघायची. पाकाचा थेंब चिमटीत घ्यायचा, बोटं फाकवायची, मधे धागा धरला की ती तार. सूनबाईनं चिमूट घेतली, "आई गं!" म्हणून बोट तोंडात घातलं, परत चिमूट घेतली.

"धागा दिसतोय काय हो, काकू?"

"दिसतोय की," मी म्हटलं. चष्मा घरी शिलाईच्या मशिनीवर राहिला होता.

"झाला मग. उतरवते."

"उतरव, उतरव."

आणि आतून आवाज आला. पितळेची घागर दगडावर आपटावी तसा.

"तार तुटली!"

सूनबाईनं उचललेली कढई परत चुलीवर टेकवली.

"तार तुटली! दिसत नाही का गं आंधळ्यांनो? तार तुटली! आत्ताच कुठं उतरवता?"

मी दारातून आत बघितलं. म्हातारी डाव्या कोपरावर उठून बसली होती. केस पिंजारलेले, डोळे कढईवर.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्ही..."

"मावशी राहू दे! जाळ कमी कर. लिंबू पिळलंत का? नाही ना? म्हणूनच मघाशी साखर झाली. आणि वरून ते खर्रर्र खर्रर्र ढवळणं. मला इथं दात शिवशिवायला लागले!"

सूनबाई लिंबू शोधायला धावली. विळी सापडेना म्हणून तिनं ते दातानंच फोडलं. मी लाकूड मागं ओढलं आणि पदर पेटता पेटता वाचवला. त्या गोंधळात बाहेर काय चाललंय, तिकडं आमचं लक्षच नव्हतं.

बाहेर वायरमननं "तार तुटली" एवढंच ऐकलं होतं. नंतर तो मला म्हणाला, "काकू, कोण बोललं ते डोक्यातच शिरलं नाही. पाय आपोआप पळाले." शिडीवरून उडी टाकून तो डीपीच्या पेटीकडं सुटला आणि गावाची लाईट घालवून टाकली. आणि पळता पळता बोंब, "तार तुटली! कुणी हलू नका!" झालं! गिरणी गप्प झाली. रानातले पंप गप्प झाले. गिरणीवाला फळीवर चढून उभा राहिला. न्हाव्यानं अर्धी दाढी केलेल्या गिऱ्हाइकाला लाकडी खुर्चीत पाय वर घेऊन बसवलं आणि स्वतः त्याच्या मांडीवर बसला, कारण दुसरी खुर्ची नव्हती. वायरमननं सगळे खांब बघितले. सगळ्या तारा जागच्या जागी. मग त्याला आठवलं, हाळी आपल्याच घरातून आली होती.

तो हातात रबरी मोजे, खांद्यावर काठी घेऊन घरात घुसला. मागोमाग पिठानं पांढरा झालेला गिरणीवाला, न्हावी, आणि गालावर फेस असलेलं ते गिऱ्हाईक.

"कुणी हात लावू नका! कुठं पडलीय तार?"

"कढईत," सूनबाई म्हणाली.

"कढईत?" गिरणीवाला म्हणाला. "कढईत कशी गेली तार?"

"पाकाची तार हो, भावजी!"

मग जे सुरू झालं! गिरणीवाला म्हणाला, माझं दळण मधेच अडकलंय. न्हावी म्हणाला, भीतीनं माझा वस्तरा हौदात पडला. गिऱ्हाईक म्हणालं, मला आता अर्ध्या तोंडानं घरी जायचंय काय? सगळे एका दमात वायरमनवर तुटून पडले. तो बायकोवर ओरडला, "अगं, पाकासाठी एवढं बोंबलतं का कुणी?"

"मी कुठं बोंबलले?"

"मग काय काकू ओरडल्या?"

"मला कशाला मधे घेतोस?" मी म्हटलं.

"मग ओरडलं कोण?"

आम्ही दोघींनी आतल्या खोलीकडं बघितलं. तोही बघायला लागला. वायरमनच्या हातातला मोजा खाली पडला.

"आई?"

"काय आई? घरात चपला घालून आलास, त्या आधी बाहेर ठेव. आणि माणसं बाजूला कर, पाक बघू दे मला."

एवढा दांडगा गडी, वाऱ्यात खांबावर चढणारा, पण तिथंच उकिडवा बसला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. सूनबाईचेही डोळे भरले, पण तिला रडायला सवड नव्हती. म्हातारीनं तिला वाटीत गार पाणी घ्यायला लावलं होतं.

"टाक थेंब. काढ. आता वाटीच्या काठावर वाजव."

टण्ण! काच वाजावी तसा वाजला.

"उतरव! ओत फरशीवर! आणि तुम्ही सगळे कशाला आलाय? हात धुवा, लोणी लावा, ओढायला लागा. निवला तर दगड होईल!"

गावच्या सरपंचाचं ऐकत नाहीत ही माणसं. पण गोळीआई बोलली म्हटल्यावर चार बाप्ये मुकाट हात धुवायला गेले. वायरमननं आईला खाटेवरून उचलून चुलीपाशी खुर्चीत आणून बसवलं. मग सुरू झालं ओढणं. फरशीवरचा तांबूस गोळा उचलायचा, लांब ओढायचा, दुमडायचा, परत ओढायचा. "हाय, हाय, भाजलं!" "अरे सोडू नको!" "अंगावर येतोय, अंगावर येतोय!" वायरमन यात पटाईत निघाला, जन्मभर ताराच ओढतोय तो. गिरणीवाल्याच्या हातचा गोळा पिठानं आधीच पांढरा झाला, म्हणून म्हातारीनं त्याला उठवून परत हात धुवायला पाठवलं. गिऱ्हाइकाच्या उरलेल्या दाढीत एक लांबलचक वेटोळं अडकलं. न्हावी म्हणाला, "राहू दे, उद्या साखरेसकट भादरतो." मी इतकी हसले की कंबर धरून खाली बसले. चार महिन्यांत त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. तांबूस गोळा सोनेरी झाला, मग सायीसारखा पांढरा.

"सूनबाई," म्हातारी म्हणाली, "एक टोक इकडं दे. डाव्या हातात."

सूनबाईनं लोणी लावून ते टोक तिच्या मुठीत ठेवलं आणि दुसरं आपण धरलं. म्हातारीनं ओढलं, हात निसटला. परत ओढलं, परत निसटला. मला वाटलं, आता ही पुन्हा भिंतीकडं तोंड करणार. वायरमन मदतीला पुढं झाला, तर मी त्याच्या सदऱ्याला मागून धरलं. तिसऱ्यांदा सूनबाई स्वतःच गुडघ्यांवर बसून पुढं सरकली, म्हातारीची मूठ घट्ट आवळून दिली आणि मग मागं सरकली. गोळा लांबला. मधे धागे चमकले. दोघी एकमेकींकडं बघत होत्या आणि दोघींच्या नाकातून पाणी वाहत होतं.

कात्रीनं तुकडे पाडले. पहिला म्हातारीच्या तोंडात. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत उभे. तिनं गोळी या गालातून त्या गालात फिरवली.

"करपट झालीय," ती म्हणाली. "लिंबू जास्त. आणि ओढली कमी." असं म्हणून तिनं दुसरी उचलली.

लाईट सोडायची आठवण वायरमनला झाली ती एक शेतकरी शिव्या देत दारात उभा राहिला तेव्हा. त्याचं पाणी अर्ध्या वाफ्यात अडकलं होतं. म्हातारीनं त्याच्या तोंडात मोठी गोळी घातली. तो जे बोलत होता ते गोळीतच अडकलं आणि तो तसाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशिनीवर बसले होते, तर सूनबाई पदरानं घाम पुसत आली.

"काकू, नाकात दम आणलाय हो सासूबाईंनी! उजाडल्यापासून तोंडाचा पट्टा चालू आहे. चहा पाणचट झाला, भात कच्चा राहिला, केरसुणी अशी का धरली, दूध परत का उतू गेलं. तुम्हालासुद्धा सोडलं नाही. म्हणाल्या, शिंपिणीला पाकातलं काय कळतंय!"

"अगं, मग दोन शब्द ऐकून घ्यावेत म्हाताऱ्या माणसाचे."

"ऐकून घेते की," ती म्हणाली. "ऐकू आलं नाही म्हणून सांगते, आणि परत बोलायला लावते."