कंगवा पुन्हा राणीच्या खोलीत

मिसुझुच्या थोरल्या भावाने, कोहेईने, स्वतःला खोलीत कोंडून घेतलं त्याला चार वर्षं झाली. जेवणाचा ट्रे दाराबाहेर ठेवायचा आणि दार वाजवायचं नाही, हा तेव्हापासून घरचा कायदा. जपानातल्या तोयामासारख्या गावात अब्रू जपावी लागते. माणूस काय, आत आहेच की.

बहीणभावात उरला होता एक जुना व्हिडिओ गेम. बैठकीच्या टीव्हीला जोडलेला, दोघांचा मिळून एकच डाव. घर झोपलं की कोहेई खाली येऊन खेळायचा, दिवसा मिसुझु. त्यात एक बुडालेला किल्ला होता. माणसं सगळी मेलेली, मागे फक्त त्यांच्या वस्तू. कंगवा सापडला की कळायचं, राणी इथे बसून रडली होती. दिवा मिळाला की अंधारामुळे आधी सोडून दिलेल्या दालनात मागे फिरून जाता यायचं. अशी गोष्ट तुकड्यातुकड्यांनी जुळायची. उघडी दारं बघून मिसुझुला कळायचं, दादा काल कुठवर गेला. त्याची तेवढीच काय ती खबर.

डिसेंबरात कोहेईच्या दाराबाहेर पिशव्या दिसू लागल्या. कपडे, सुतळीने बांधलेली पुस्तकं, सगळं नीट वेगवेगळं केलेलं. आई हरखून गेली. नववर्षाआधीची साफसफाई पोराला आठवली, म्हणून तिने सणाचा लाल भात शिजवला.

"सुधारतोय पोरगा," बाबा मिसुझुला म्हणाले. "तू उगाच तोंड वाकडं करू नकोस."

मिसुझुने गेम लावला. कंगवा खेळातल्या माणसाच्या झोळीत नव्हता, परत राणीच्या खोलीत होता. घंटा देवळात. मागे मागे जात दादाने एकेक वस्तू जिथल्या तिथे ठेवली होती. ज्याला पुढे जायचंय तो असं कशाला करेल? तिने सगळ्या वस्तू पुन्हा उचलल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा जागेवर. आठवडाभर हेच चाललं.

मग एका दुपारी झोळी पार रिकामी दिसली, आणि खेळातला माणूस किल्ल्याच्या पहिल्या पायरीवर उभा. मिसुझु टीव्ही बंद करून जिन्याकडे धावली. आई आडवी आली.

"अगं, वाजवू नकोस! इतकं जमत आलंय, बिघडवशील."

"आई, ही साफसफाई नाहीये. तो जायला निघालाय! सरक!"

"तुझं आपलं काहीतरीच!"

आईला ढकलूनच ती वर गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. खोली बोडकी, आणि मधोमध धुतलेला शर्ट घालून कोहेई. तो जीव द्यायला बसलाय, हे विचारावं लागलं नाही.

"खालचा गेमचा आवाज थांबला," तो म्हणाला. आवाज बसलेला होता. "रोज उचलायचीस. आज ऐकत होतो, उचलतेस की नाही. वाटलं, तूसुद्धा कंटाळलीस."

आईशी हुज्जत घालण्यात गेलेला वेळ मिसुझुला आठवला. तिने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि ओरडली, "आई, रुग्णवाहिका बोलाव! लवकर!"

आईने दारातच फोन लावला. पत्ता सांगितला, वय सांगितलं. मग तोंडावर हात धरून हळूच म्हणाली, "तेवढं गल्लीत शिरताना सायरन बंद ठेवाल का?"