सातव्याला खुंटी नाही

बाबारावचे पुढचे दोन दात गेले ते त्रेचाळीस सालच्या मार्चमध्ये, नऊ नंबरच्या शेडच्या दारात, आणि ते पाडले विष्णुपंतांनी. विष्णुपंत काही वैरी नव्हते हो! नागपुराहून बोलावून घेऊन ज्यांनी बाबारावला जबलपूरच्या फॅक्टरीत चिकटवून दिलं, तेच हे फोरमन.

नोकरीचा तिसरा दिवस होता. लढाई जोरात, शेडमध्ये तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये, म्हणजे गोळा फोडणाऱ्या टोपीत, दारू भरायचं काम. दारावर काळी पाटी, तिच्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत ‘फुल स्ट्रेंथ’ आणि पुढे सहाचा आकडा. दाराशेजारी बाहेरच्या भिंतीत सहा लाकडी खुंट्या. आत जाणाऱ्यानं आपल्या नंबराचा पितळी बिल्ला खुंटीवर टांगायचा, बाहेर येताना काढून घ्यायचा. बाबाराव पोचला तेव्हा सहाही खुंट्या भरलेल्या. त्यानं आपला बिल्ला दुसऱ्याच्या बिल्ल्यावर अडकवला आणि सरळ आत पाय टाकला. मागून कॉलर धरून कुणीतरी ओढलं, आणि वळतो न वळतो तोच तोंडावर ठोसा!

“काहून बे, डोळे फुटले काय? पाटीवर काय लिहिलं आहे?”

“फुल स्ट्रेंथ,” बाबाराव रक्त थुंकत म्हणाला.

“म्हंजे?”

“म्हंजे... पूर्ण ताकद.”

“ताकद ठेव घरी. इथं फुल स्ट्रेंथ म्हंजे सहा. सहा झाले का शेड भरली. सातवा लाटसाहेब आला तरी बाहेर उभा राहीन. समजलं?”

समजलं. दोन दात गेल्यावर कुणालाही समजतं.

पण खरं समजलं ते पुढच्या वर्षी. शेडमधला एक फ्यूज हातातच फुटला आणि छपराचे पत्रे पतंगासारखे उडाले. पाच जण बाहेर आले, दोन पायांवर आणि तीन झोळीत. विष्णुपंतांनी आधी भिंतीकडे पाहिलं. खुंट्या सहा, बिल्ले सहा. एक माणूस आत होता. तुळईखाली दबलेल्या बाबारावला त्यांनी केसांना धरून फरफटत बाहेर काढलं, आणि तोवर त्यांच्या पाठीची कातडी सदऱ्याला चिकटून गेली होती. आठ दिवस दवाखान्यात पालथे पडून होते. बाबाराव पायाशी बसून रडला, तर तिथंही खेकसले, “खुंटी पाहिली म्हणून आलो बे. नाही तर मला काय स्वप्न पडलं होतं, तू आत आहेस म्हणून?” नवव्या दिवशी ते गेले.

लढाई संपली, इंग्रज गेले, पाटी राहिली. बाबारावच्या घरातही ती शिरली. लग्न झालं, आई गेल्यावर धाकटा भाऊ बंडू आठ वर्षांचा असताना त्याच्याकडे आला, आणि बायको नंदा त्याची वहिनी कमी न् आई जास्त झाली. रात्रीच्या जेवणाला सगळी पानं भरली की नंदा म्हणायची, “झाली फुल स्ट्रेंथ. लावा दार!” म्हणजे घरातलं कुणी बाहेर राहिलं नाही, आता बाहेर काय व्हायचं ते होवो. बंडू कधी सिनेमाला जाऊन उशीर करून आला तर ती दार उघडं ठेवून उंबऱ्यात बसून राहायची. मोठा झाल्यावर तोही त्याच फॅक्टरीत लागला, त्याच शेडमध्ये, दादाच्या हाताखाली.

आणि मग पासष्टचा सप्टेंबर आला, पाकिस्तानशी लढाई जुंपली. आग लागो त्या सप्टेंबरला!

पहिल्याच दिवशी भोंग्यावरून शिफ्टचे साहेब श्यामसुंदरजी गरजले, “फुल स्ट्रेंथ! एक भी आदमी घर नहीं बैठेगा!” झालं. त्या दिवसापासून फुल स्ट्रेंथ म्हणजे सहा नव्हे, फुल स्ट्रेंथ म्हणजे सगळे. तापानं फणफणलेला आला, पाय मोडलेला कुबडीवर आला, बायको बाळंत होत असलेला आला. भिंतीभिंतीवर ते शब्द हातभर अक्षरांत रंगवले. कँटीनमध्ये लोक रामराम सोडून एकमेकांना ‘फुल स्ट्रेंथ’ म्हणू लागले आणि छाती ठोकू लागले. बाबारावही म्हणायचा. खोटं कशाला बोला, त्यालाही स्फुरण चढायचं.

हरप्रसाद नावाचा पाटनचा फिटर बापाच्या तेराव्याला गेला आणि चार दिवसांनी मुंडण केलेल्या डोक्यानं परत आला. गेटवर त्याच्याच सोबत्यांनी त्याला सायकलवरून खाली खेचलं. “फुल स्ट्रेंथ के टाइम पे भागा, गद्दार!” सायकलची चेन काढून मारली त्याला. एक कान अर्धा लोंबत होता आणि तो दोन्ही हात जोडून सांगत होता, बाप मर गया था भैया, बाप मर गया था. बाबाराव गर्दीत होता. त्यानं हरप्रसादच्या बरगडीत एक लाथ घातली. का घातली, हे त्याला पुढे जन्मभर कुणाला सांगता आलं नाही. सगळे मारत होते, याचाही पाय उचलला गेला. बुटाला लागलेलं रक्त त्यानं नळावर धुतलं आणि कामावर गेला.

त्याच दुपारी श्यामसुंदरजींनी त्याला बोलावलं. आता तो नऊ नंबरचा चार्जमन होता, शेड त्याच्या जिवावर.

“बाबारावजी, नऊ नंबर में सात आदमी बिठाओ.”

“साहेब, पाटी सहाची आहे.”

“बॉर्डर पे लड़के मर रहे हैं और आप पाटी पढ़ रहे हैं?”

बाबारावचे गाल तापले. “मग सातवी खुंटी ठोकून घेतो.”

“पागल हो? इन्स्पेक्शन आने वाला है. खुंटी छह, टोकन छह. सातवें का टोकन जेब में.”

तिथंच त्यानं साहेबाचं तोंड फोडायला पाहिजे होतं. विष्णुपंतांनी फोडलं असतं. पण सकाळी गेटवर गद्दाराचं काय होतं ते त्यानं पाहिलं होतं, नव्हे, स्वतःच्या पायानं केलं होतं. तो “बरं” म्हणाला. दुसऱ्याच्या घरचा माणूस बिनखुंटीचा आत पाठवायची त्याला लाज वाटली, म्हणून त्यानं सातवा आपल्या घरचा निवडला.

“बिल्ला खिशात ठेव,” तो बंडूला म्हणाला.

“काहून दादा? तूच तर म्हणतोस खुंटीशिवाय पाय टाकायचा नाही.”

“सांगून राहिलो ना! ठेव खिशात.”

बंडू हसला. “चलो, फुल स्ट्रेंथ!” म्हणाला आणि आत गेला.

चार दिवस निभावले. पाचव्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास बाबाराव शंभर पावलांवरच्या ऑफिसात कागदावर सही करत होता. टेबल उडालं. सही करणारा हात तसाच हवेत, कानात नुसती शिटी. तो धावत सुटला तेव्हा नऊ नंबरचं छप्पर पलीकडच्या शेतात पडत होतं.

लढाईमुळे बंबवाले शेडांजवळच तैनात असायचे, ते आधी पोचले. एक, दोन, तीन बाहेर काढले. चौथ्याचे पाय गुडघ्यापासून नव्हते आणि तो पाणी मागत होता. पाचवा निपचित. सहाव्याला काढताना त्याच्या हाताची कातडी बंबवाल्याच्या हातात मोज्यासारखी निघून आली, तेव्हा बंबवाला तिथंच ओकला. बाहेरची भिंत उभी होती. बंबवाल्यांच्या नायकानं खुंट्यांवरचे बिल्ले मोजले, माणसं मोजली आणि ओरडला, “छह पूरे! सब पीछे हटो!” मागच्या खोलीत भरलेल्या फ्यूजच्या पेट्या होत्या, धूर तिकडे सरकत होता.

“सात!” बाबाराव ओरडला. “सात आहेत! माझा भाऊ आत आहे!”

“खुंटी तो छह हैं,” नायक म्हणाला.

श्यामसुंदरजींनी बाबारावचा दंड धरून बाजूला ओढलं. चेहरा पांढराफटक, तोंड कानाशी. “बंडू कँटीन में होगा. सात बोलोगे तो तुम भी अंदर, मैं भी अंदर. समझो.”

तेव्हा आतून आवाज आला. टक, टक, टक. पितळ लोखंडावर आपटल्याचा. बाबारावनं तो ऐकला, आणि श्यामसुंदरजींनीही ऐकला, कारण त्यांची मान तिकडे वळली. “पत्रा ठंडा हो रहा है,” ते म्हणाले.

बाबारावनं मारलं. बावीस वर्षं आत साठलेला ठोसा तो, साहेबाच्या जबड्याचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. साहेब पडले तरी हा थांबला नाही, छातीवर बसून मारत राहिला. चौघांनी त्याला मागे खेचलं. त्यानं एकाच्या मनगटाचा लचका तोडला, एकाच्या पोटात गुडघा घातला, पण चौघे होते, त्यांनी त्याला मातीत दाबून धरलं. तोंडात माती, वर माणसं, आणि कानात तो आवाज. टक, टक. मग थोडा वेळ काहीच नाही. मग एकदाच टक.

मग आलाच नाही. मेल्यांनो, सोडा मला, सोडा! तो गुरासारखा हंबरत होता. शेवटी त्यांचेच हात सैल पडले.

तो रांगत आत गेला. बंडू भरायच्या टेबलाखाली होता, कमरेवर तुळई, एक हात पाण्याच्या नळापर्यंत पोचलेला. मुठीत बिल्ला. आपटून आपटून त्याची एक कड वाकली होती. बाबारावनं तुळई कशी उचलली ते त्याला आठवत नाही, तळहातांची हाडं दिसत होती म्हणतात. नेपियर टाउनच्या डॉक्टरांनी तपासलं. मरण्यासारखी जखम कुठं नाही, धुरानं गेला, म्हणाले. “दहा मिनिटं आधी काढला असता तर...” बाबारावचं तोंड पाहून त्यांनी बंडूवर चादर ओढली.

ग्वारीघाटावर बंडूला अग्नी देऊन परत आल्यावर नंदानं विचारलं, “बिल्ला खिशात ठेव म्हणून तुम्ही सांगितलं त्याला?”

“हो.”

तिनं त्याला मारलं. दोन्ही मुठींनी छातीवर, तोंडावर, बांगड्या फुटून तिचेच हात रक्ताळले तरी मारत राहिली. तो हात खाली सोडून उभा होता. ती दमून खाली बसली तेव्हा तोही बसला. त्या रात्रीपासून त्या घरानं दाराला कडी लावली नाही.

चौकशी झाली. तारांनी जबडा बांधलेल्या श्यामसुंदरजींनी कागदावर लिहून दिलं की सातवा माणूस परवानगीशिवाय घुसला. बाबारावनं उभं राहून सांगितलं, “मी घुसवला. बिल्ला मीच लपवायला लावला. यांनी सांगितलं आणि मी ऐकलं. लिहा.” साहेबांची बदली झाली. याची चार्जमनकी गेली, साधा मजूर केला. कुठं काम पाहिजे, असं विचारलं तर म्हणाला, नऊ नंबरच्या दारावर. शेड नवी बांधली होती. पाटी त्यानं स्वतः रंगवली.

एकाहत्तरच्या डिसेंबरात भोंगा पुन्हा गरजू लागला. फुल स्ट्रेंथ! फुल स्ट्रेंथ! भिंतीवरची जुनी अक्षरं पुन्हा रंगवली गेली. एका दुपारी एक उंचापुरा नवा ऑपरेटर तरातरा आला, भरलेल्या खुंट्यांकडे पाहिलं, बिल्ला खिशात घातला आणि बाबारावच्या खांद्याला धक्का देऊन आत पाय टाकला.

“भोंगा सुनाई नहीं देता, काका? फुल स्ट्रेंथ!”

बाबारावनं त्याची कॉलर धरून मागे ओढलं आणि तोंडावर ठोसा दिला. तो मातीत बसला, ओठ फाटलेला. “पुलिस में दूंगा तेरे को, बुड्ढे!”

“दे,” बाबाराव दारात आडवा उभा राहून म्हणाला. “बाहेर बसून दे.”

संध्याकाळी नंदानं परातीत मिठाचं गरम पाणी केलं आणि त्याचा सुजलेला हात त्यात बुडवून धरला.

“कोण होता?”

“नाव नाही विचारलं,” बाबाराव म्हणाला. “सातवा होता.”

तिनं मान हलवली, हात पुसून दिला, आणि उठून सहा वर्षांत पहिल्यांदा दाराला कडी घातली.