नरमंदाखचा प्रचार

आमचे हे, म्हणजे एनेबिश, तरुणपणापासून सत्तेवरच्या जुन्या पक्षाचे सभासद. मुलगी नरमंदाख जनावरांची डॉक्टर. शहाण्णवच्या संसदेच्या निवडणुकीला ती नव्या पक्षाकडून उभी राहिली आणि बापलेकीचं बोलणंच बंद झालं.

त्याआधी ती राजधानीला, उलानबातरला, एका शिबिराला जाऊन आली होती. शिबिर परदेशी संस्थेचं. शिकवणारे, जेवणखाण, छापील पत्रकं, सगळं त्यांचंच. दारोदार जा, आधी लोकांचं ऐका, असं त्यांनी शिकवलं होतं. आमच्याकडे एका तंबूहून दुसऱ्या तंबूला जायचं तर घोडा घामाघूम होतो.

एकदा दुकानात कुणीतरी यांना ऐकवलं, "एनेबिश, पोरगी परक्यांच्या ओंजळीनं पाणी पितेय म्हणे."

हे घरी आले. चहाला हात लावला नाही. कित्येक दिवसांनी लेकीशी बोलले.

"काय बोलायचं तेही त्यांनीच सांगितलं का गं?"

"कसं बोलायचं ते सांगितलं, बाबा. काय बोलायचं ते माझं मी ठरवते."

"आणि उद्या त्यांनी बदल्यात काही मागितलं तर?"

तिनं चुलीत गोवरी सारली. "माहीत नाही," म्हणाली.

काहीतरी सारवासारव केली असती, तर हे उठून गेले असते. सकाळी पाहते तो दोन घोड्यांवर खोगीर चढवलेलं.

"तुम्ही कुठे निघालात?" मी विचारलं.

"तिची मोटारसायकल बंद पडलीय. एकटीला तंबूंवरची कुत्री फाडून खातील."

प्रत्येक तंबूत हे आधीच सांगून टाकत, "माझं मत जुन्या पक्षालाच. मी नुसता बाप म्हणून आलोय." लोक हसायचे. मग चहा यायचा, आणि लोकरीचा पडलेला भाव, मेंढ्यांचे आजार, सगळं बाहेर पडायचं. नरमंदाख ऐकत बसायची.

ती निवडून आली, तिचा पक्षही सत्तेवर आला. यांनी मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

शिबिरातला साहेब जीप घेऊन आला, तिच्याबरोबर फोटो काढले, "आमच्या कामाचं चीज झालं" म्हणाला. तिचा चेहरा उतरला. यांनी मात्र त्याला घोडीच्या दुधाचा वाडगा दिला, आग्रह करून दुसराही पाजला. तो गेल्यावर म्हणाले, "भला माणूस आहे. पण काही मागायला आला, तर ज्यांच्याकडे चहा प्यालीस त्यांना आधी विचार."

"तुम्हाला नको विचारू?"

"मी विरोधी पक्षाचा."

पोरगी हसता हसता रडली.

ती राजधानीला निघाली तेव्हा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून वाटेवर शिंपडायला मी दूध आणि डाव घेऊन उभी होते. हे काम बायकांचं. यांनी माझ्या हातातून डाव घेतला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत स्वतःच शिंपडत राहिले.