सूर्याखालची घरं

"दोनच?" डॉक्टरांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "रोज दोनदाच परसाकडे जातेस?"

"व्हय साहेब. पन कळ आठ-धा डाव येती."

"कळ नाही विचारली. किती वेळा गेलीस, ते विचारलंय."

सहा वर्षं आतड्यांनी सुलाबाईचा जीव खाल्ला होता. जेवली की मुरडा, रोजगार हमीवर कुदळ धरली की मुरडा. मोकळं झाल्याशिवाय कळ थांबायची नाही. एक्स-रे स्वच्छ, रक्त स्वच्छ. नवरा म्हणे सोंग करती, मुकादमही तेच म्हणे. तपासणीत न सापडणारं असं दुखणं असतं, हे सांगणारे हे पहिलेच डॉक्टर. त्यावरच्या नव्या गोळीचं संशोधन करायला ते दर मंगळवारी परभणीत यायचे, रोगी निवडायचे. पहिल्या मंगळवारी ती त्यांच्यासमोरच रडली होती.

गोळीआधी आठवडाभर हे कार्ड. लिहिता न येणाऱ्यांसाठी त्यावर चित्रं होती: चांदणी, सूर्य, पुन्हा चांदणी. "जितक्यांदा जाशील तितके ठिपके दे," नर्स कुसुमबाईंनी बजावलं होतं. सुलाबाईनं कोळशानं ठिपके दिले. पहाटेच्या चांदणीखाली एक, रात्रीच्या चांदणीखाली एक. सूर्याखालची सातही घरं कोरी.

"गोळीसाठी रोज तीनच्या वर पाहिजेत," डॉक्टर म्हणाले. "दोन म्हणजे निरोगी माणूस."

"साहेब, दिसा बसावं कुठं?"

गेल्या साली विद्यापीठाच्या नामांतरावरून गाव सुलाबाईच्या बौद्धवाड्यावर उठलं. तेव्हापासून ओढ्याकडच्या रानाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण. रानमालक काठी घेऊन बायांना म्हणाला होता, "नाव पायजे ना तुमाला? मंग जाऊन बसा विद्यापीठात!" उरली डांबरी सडक. तिथं बाईमाणसानं बसायचं ते अंधारातच.

हे सगळं तिनं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. "कागदावर तसा रकानाच नाही बाई," म्हणाले, आणि तिच्या नावावर रेघ मारली.

रकाना नाही! गावानं बाईची वाट अडवायची, आणि शास्त्रानं तिला बरी ठरवायची.

परतीच्या एसटीत शेजारीण केशरबाईनं कपाळावर हात मारला. "अगं येडे, द्यायचे व्हते आठ ठिपके! तुझ्या बुडामागं कोन मोजायला बसलंय?"

सुलाबाईला हसू आलं. "आदीच समदे म्हनतेत, सुलीचं दुखनं खोटं. मंग मीच खोटं कामून लिहू?"

"मंग मर!"

"मरायलेच की."

गावच्या फाट्यावर उतरल्या आणि कळ आली. सुलाबाई मैलाच्या दगडाला टेकून खाली बसली, गुडघे पोटाशी घेतले. सडकेवरून सायकली, बैलगाड्या, माणसं. केशरबाईनं भाकरी पुढं केली. तिनं हातानंच नको म्हटलं.

"केशर, किती वाजले असतीन गं?"

केशरबाईनं वर पाहिलं. "बारा."

सुलाबाईनं पदराचा बोळा दातात धरला. काट्यांच्या पलीकडं ज्वारी डोक्याइतकी उंच उभी होती.